चाकोरीच्या आधीची वाट

रायपूरच्या आसपासचा शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे उंचवट्यावरची लाल, मुरमाड जमीन. तिच्यावर पाणी ठरत नाही. मटासी पिवळसर, हलकी, धानाची. कन्हार म्हणजे सखल भागातली काळी चिकण माती, विदर्भातल्या काळ्या रानाच्या जातीची. आणि डोरसा ही मटासी-कन्हारच्या मधली. ही नावे पिकाच्या हिशेबाने पडली, पण वाटसरूलाही ती तितकीच उपयोगाची आहेत. पाऊस थांबला की भाट्यावरची वाट लवकर टणक होते. कन्हारातली वाट कित्येक दिवस पाऊल सोडत नाही. शिवाय छत्तीसगढात चिखल पावसाळ्याबरोबर संपतोच असे नाही. बंगालच्या उपसागरातली वादळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान किनारा ओलांडतात तेव्हा त्यांचा पाऊस या मैदानापर्यंत पोचतो. डिसेंबर २०२३ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलेल्या मिचाँग वादळाने ऐन धानखरेदीच्या दिवसांत छत्तीसगढ भिजवला होता. हिवाळ्यातला असा चिखल पावसाळ्यातल्यापेक्षा फसवा, कारण माथ्यावर ऊन पडलेले असते आणि सावलीतला उतार मात्र दंवाने ओलाच राहतो. मैकलच्या किंवा केशकालच्या बाजूला अशा निसरड्या चढणींवर मोठी डर्ट बाइक घालण्याची हौस आता या भागातल्या तरुणांमध्येही दिसते, आणि तिच्याकडे बाहेरून आलेले खूळ म्हणून पाहिले जाते. मला हे पाहणे अपुरे वाटते. रायपूरभोवतीच्या डोंगरवाटांचा इतिहास तपासला तर दिसते की या वाटा चाकांनी घडवलेल्याच नाहीत. त्या खुरांनी आणि पावलांनी, एकामागे एक चालण्यासाठी घडल्या. दोन चाके एकाच रेषेत चालवणारे वाहन, आधी सायकल आणि मग मोटारसायकल, हे त्या वाटेत मावणारे पहिले चाक. म्हणून मोटारसायकल ही बैलगाडीची वारस नाही, ती लदणीच्या बैलाची वारस आहे. पण वारसा घ्यायचा तर त्याचे नियमही घ्यावे लागतात. ते दोन होते : ओझे बेताचे ठेवायचे आणि ऋतू पाळायचा.

आधी लदणीच्या बैलाचा पुरावा पाहू. १७९५ साली कॅप्टन जेम्स ब्लंट हा इंग्रज अधिकारी गंगाकाठच्या चुनारहून निघून रतनपूर, रायपूर करत गोदावरीच्या मुलखाकडे गेला. त्या प्रवासाच्या वृत्तांतात त्याने नोंदवले आहे की पीक चांगले आले की छत्तीसगढातून धान्य बाहेर नेण्यासाठी एक लाख बैल लागतात, असे सांगितले जाते. हा आकडा ऐकीव आहे आणि गोल आहे, म्हणून तो जसाच्या तसा धरायचे कारण नाही. पण तो अशक्यही नाही. पीटर मंडी या प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा एकच तांडा भेटला होता, आणि असे तांडे दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. एका बैलाच्या पाठीवरच्या गोणींत शे-सव्वाशे किलो धान्य धरले तर एक लाख बैल म्हणजे दहा ते बारा हजार टन माल. आजच्या भाषेत तीन-चार मालगाड्या. नागपूर ते रायपूर हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आतले आहे. मंडीच्या चालीने ते कापायला जवळजवळ महिना लागला असता. हा सारा व्यापार बंजाऱ्यांच्या, म्हणजे आपल्याकडच्या लमाणांच्या हातात होता. ते इथून धान्य न्यायचे आणि किनाऱ्याकडून मीठ आणायचे. त्यांना सडक लागत नसे. पुढच्या बैलाच्या खुरामागे मागचा बैल चालायचा, आणि हजारो खुरांनी दाबलेली एक अरुंद पट्टी डोंगराच्या अंगाने वर चढत जायची. खिंड कुठे आहे, नाला कुठे उथळ आहे, मुरूम कुठे लागतो आणि काळी माती कुठे टाळायची, हे ज्ञान त्या पट्टीतच साठवलेले असे.

ऋतूचा नियम मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको, कारण तो आपल्या सणातच आहे. दसऱ्याचे सीमोल्लंघन हा विधी होण्याआधी व्यवहार होता. पाऊस सरला, नद्या उतरल्या, वाटा वाळू लागल्या की फौजा बाहेर पडत. नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाला, तेव्हा १७४१ मध्ये वाटेत रतनपूरचे हैहयवंशी राज्य त्याच्या हाती आले आणि छत्तीसगढावर मराठी अंमल सुरू झाला. त्याच स्वारीचा पुढचा भाग आपल्या विषयासाठी अधिक बोलका आहे. १७४२ चा पावसाळा भास्कररामाने बंगालमध्ये कटव्याच्या परिसरात काढला. मराठी घोडदळाचे सारे बळ त्याच्या हलक्या, चपळ हालचालीत होते; पण चिखलाने आणि फुगलेल्या नद्यांनी तेही जखडले गेले. वाटा वाळून हे घोडदळ मोकळे होण्याची वाट बंगालच्या नवाब अलिवर्दीखानाने पाहिली नाही. सप्टेंबरअखेर, दुर्गापूजेच्या दिवसांत, त्याने नदी ओलांडून छावणीवर हल्ला केला आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली. हलके असणे पुरत नाही, वेळही साधावी लागते, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचित मिळेल. पुढे बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहिले, त्यांच्यानंतर सुभेदारांचा अंमल आला, आणि १८१८ नंतर ब्रिटिश देखरेखीच्या काळात कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले. रायपूरच्या तात्यापारा या वस्तीच्या नावात तो मराठी काळ अजून ऐकू येतो. या सबंध काळात नागपूर आणि रायपूर यांच्यामधला व्यवहार त्याच खुरांच्या वाटांवर आणि त्याच ऋतूच्या हिशेबाने चालला.

इथे कोणी म्हणेल की छत्तीसगढात गाडी नव्हती हे खरे नाही. बरोबर आहे. मैदानातल्या गावांत गाडा होता, सुगीनंतर धान खळ्यावर आणायला तोच लागायचा, आणि बैलांबरोबर रेडेही त्याला जुंपले जायचे. पण गाडा शेतापासून गावापर्यंत, फार तर एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत जाई. घाट चढून परमुलखात जाणारा माल पाठीवरून जाई. ही स्थिती बदलली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्याचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी धान्याने भरलेला पण वाटांअभावी कोंडलेला प्रदेश म्हणून छत्तीसगढकडे लक्ष दिले. भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग असा येणारा ग्रेट ईस्टर्न रोड हा त्या धोरणाचा कणा. रायपूर-भिलाईत आजही लोक त्याला जी. ई. रोड म्हणतात. मग रेल्वे आली. नागपूरहून राजनांदगावपर्यंतची मीटरगेज १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला, ती ताब्यात घेऊन रुंद करणारी बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ मध्ये, नागपूर ते आसनसोल सलग वाहतूक १८९१ मध्ये आणि रायपूर-धमतरी ही अडीच फुटी लहान रेल्वे १९०० मध्ये. एका पिढीच्या आत लदणीचा धंदा बसला. सडक आणि रूळ मिळाल्यावर महिनाभर चालणाऱ्या बैलासाठी कोण थांबणार?

चाक आले आणि त्याबरोबर चाकोरी आली. मराठीत चाकोरी हा शब्द आता कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरला जातो, पण मुळात तो गाडीच्या चाकाने जमिनीत पडलेल्या चरासाठी आहे. लोखंडी धाव बसवलेली दोन अरुंद चाके आणि त्यांवर हजार-पाचशे किलोचे वजन ओल्या जमिनीवरून गेले की दोन समांतर चर पडतात. पुढची गाडी त्याच चरांत उतरते, कारण दुसरीकडून जाता येत नाही. वाट अशी रुतत रुतत खाली जाते. विदर्भातल्या पांदणीची आणि छत्तीसगढच्या धरशाची ही कहाणी एकच आहे. धरसा म्हणजे गावातून शेताकडे जाणारी गुराढोरांची आणि गाड्यांची वाट. दोन्ही ठिकाणी या वाटा बांधांच्या मधोमध खोल गेल्या, पावसाळ्यात नाले झाल्या, आणि दोन्ही राज्यांना त्या सुधारण्यासाठी योजना काढाव्या लागल्या : महाराष्ट्रात पालकमंत्र्यांच्या नावाने आणि पुढे मातोश्री ग्रामसमृद्धी या नावाने, छत्तीसगढात धरसा विकास या नावाने. डोंगरातल्या वाटांचे मात्र वेगळे झाले. तिथे गाडी पोचलीच नाही. बंजाऱ्यांचे तांडे थांबले, पण बैगा, गोंड आणि इतर वनवासी लोकांची पावले थांबली नाहीत. सडक खिंडीतून गेली, जुनी वाट तिच्या बाजूने अंगावरच्या व्रणासारखी राहिली, एका माणसाच्या रुंदीची. चिल्पी घाटातून जबलपूरकडे आणि केशकाल घाटातून जगदलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३० आज मालमोटारींनी भरलेला असतो. पण त्या घाटांच्या दोन्ही अंगांना जी गावे आहेत, त्यांच्यापैकी कितीतरी अजून पायवाटेनेच त्या रस्त्याला जोडलेली आहेत.

या पायवाटांवर चिखलाशी कसे वागायचे, याचे छत्तीसगढाजवळ स्वतःचे शास्त्र आहे. बैलाच्या आणि रेड्याच्या दुभंगलेल्या खुराकडे पाहा. वजन पडले की खुराचे दोन भाग फाकतात आणि ओझे पसरते. पाय उचलला की ते जवळ येतात आणि चिखलाची पकड सुटते. घोड्याच्या अखंड टापेला हे साधत नाही, म्हणूनच बियासीच्या वेळी, म्हणजे उभ्या धानात पाणी साचलेले असताना नांगर फिरवायचा असतो तेव्हा, रेडा उपयोगी पडतो. दुसरा उपाय याच्या नेमका उलटा आहे, तो म्हणजे गेडी. छत्तीसगढची हरेली अमावास्या ही आपल्या पंचांगातली आषाढातली दिव्यांची अवस. त्या दिवशी नांगर-कुदळीची पूजा होते आणि मुले बांबूच्या दोन काठ्यांना पाय ठेवण्यापुरते आधार बांधून त्यांवर चढतात. महिनाभराने येणाऱ्या पोळ्यापर्यंत गावच्या चिखलात गेडीवरून फिरणे चालते. बारीक बांबू चिखलावर तरत नाही, तो भेदून खालच्या टणक थरावर टेकतो. म्हणजे चिखलाला दोनच उत्तरे आहेत : वजन पसरून वर राहणे किंवा बारीक होऊन तळ गाठणे. पहिले उत्तर कन्हारात चालते, कारण तिथे तळ लवकर लागत नाही. दुसरे भाट्यावर आणि मटासीवर चालते, कारण तिथे चार बोटांखाली मुरूम असतो. कोणतेही उत्तर निवडले तरी एक अट समान आहे. अंगावरचे वजन कमी हवे. पोर गेडीवरून चिखल ओलांडू शकते. तीच गेडी धान्याचे पोते घेतलेल्या माणसाला घेऊन रुतते.

आता मोटारसायकलकडे येऊ. कच्च्या वाटेवरची मोटारसायकल ही कल्पना वाळवंटातून आलेली नाही, ती ओल्या, चढउताराच्या मुलखातून आली. आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची चाचणी १९१३ मध्ये इंग्लंडच्या कार्लाइलला सुरू झाली, आणि १९२४ मध्ये कॅम्बर्लीच्या माळावर झालेली शर्यत आजच्या मोटोक्रॉसची जननी मानली जाते. भारतात बुलेट मोटारसायकल आली ती आधी लष्कर आणि पोलिसांसाठी. तिचा मद्रासजवळचा कारखाना १९५५ सालचा. खेड्यात रुजली ती मात्र राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली ही १७५ सीसीची टू-स्ट्रोक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली आणि २००५ पर्यंत बनवली. दूधवाल्याचे कॅन, खताची पोती, कुटुंबातली तीन माणसे हे सगळे तिने वाहिले. तिचे इंजिन गावातल्या मिस्त्रीला उघडता येई, आणि धरशात चिखल भरून पुढचे चाक अडले की तिचा मडगार्ड काढून टाकता येई. डर्ट बाइकचा पुढचा मडगार्ड टायरपासून बराच वर का असतो, याचे कारण तिथेच आहे : काळी माती टायर आणि पत्रा यांच्या मध्ये गच्च बसली की चाक फिरतच नाही. या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आकाराची आहे. जीप किंवा ट्रॅक्टरला पायवाट रुंद करून घ्यावी लागते, मोटारसायकल तिच्यात आहे तशी मावते. म्हणूनच गेल्या दशकात नारायणपूर जिल्ह्यातल्या जंगलवस्त्यांतून गरोदर बायांना दवाखान्यात आणण्यासाठी मोटारसायकलला बाजूचे आसन जोडून रुग्णवाहिका केली गेली, आणि बिलासपूरच्या कोटा विकासखंडात अशीच सेवा संगी एक्सप्रेस या नावाने चालते. लदणीच्या बैलाने सोडलेली जागा कोणी घेतली, याचे उत्तर या दोन उदाहरणांत आहे.

वारसा सिद्ध झाला तरी मोठ्या गाडीचा प्रश्न उरतोच. मोठ्या डर्ट बाइकचे समर्थक सांगतात की आजचे बटन टायर, लांब सस्पेन्शन आणि भरपूर ताकद यांपुढे चिखलाचे काही चालत नाही; जुन्या काळाचे नियम जुन्या काळापुरते होते. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याच्या बाजूने पुरावाही आहे. पहिली पॅरिस-डाकार शर्यत १९७९ मध्ये यामाहाच्या ५०० सीसीच्या गाडीने जिंकली, आणि १९८१ मध्ये ८०० सीसीच्या बीएमडब्ल्यूने. पण डाकारची वाट वाळवंटाची होती, मोकळी आणि वेगाची. ओल्या उताराचा पुरावा दुसरीकडे आहे. ब्रिटनच्या ट्रायल स्पर्धांत, म्हणजे दगड-चिखलाच्या अवघड वाटेवर तोल सांभाळण्याच्या स्पर्धांत, १९५० च्या दशकात ३५० ते ५०० सीसीच्या वजनदार फोर-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते आणि सॅमी मिलर हा त्यांवरचा सर्वांत नावाजलेला स्वार होता. त्याच मिलरने १९६४ मध्ये एरियल कंपनीची जड गाडी सोडली, स्पेनच्या बुल्टाको कंपनीबरोबर सुमारे २५० सीसीची हलकी टू-स्ट्रोक शेर्पा घडवली आणि १९६५ ची स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल तिच्यावर जिंकली. स्वार तोच, चिखल तोच, दगड तेच; बदलले ते गाडीचे वजन. त्यानंतर जड गाड्यांचा काळ या खेळात परत आला नाही. यामागचे गणित शाळेतले आहे. पंधरा अंशांच्या उतारावर एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा खाली ओढत असतो. दोनशे किलोची गाडी आणि पंचाहत्तर किलोचा स्वार म्हणजे सुमारे एकाहत्तर किलोची ओढ. एकशे दहा किलोची गाडी असेल तर तीच ओढ अठ्ठेचाळीस किलोची. वाट ओली असेल तर ही ओढ रोखणारी एकच गोष्ट असते, टायर आणि माती यांची पकड, आणि ती इंजिनच्या ताकदीने वाढत नाही. जास्तीची ताकद मागच्या चाकाला जागच्या जागी फिरवते. भारतात आज मिळणाऱ्या गाड्यांत हिमालयन साधारण एकशे नव्वद किलोच्या घरात आहे आणि एक्सपल्स २०० साधारण एकशे पंचावन्नच्या. महामार्गावर जड गाडी स्थिर वाटते हे खरे. पण सावलीतल्या ओल्या उतारावर ती आडवी झाली की एकट्या माणसाला ती उचलता येत नाही, आणि जंगलात एकटा माणूस ही नेहमीची गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप वाटेच्या नुकसानीचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. एक बाजू म्हणते, लाखो खुरांनी वाटा तुडवल्या तेव्हा कोणाला काही वाटले नाही, मग चार मोटारसायकलींनी काय होते? दुसरी बाजू म्हणते, मोटारसायकल जंगलवाटेवर मुळीच नको. मला दोन्ही टोके पटत नाहीत. खूर आणि चाक यांच्या खुणांत मूलभूत फरक आहे. खुराने पडतो तो खड्डा. तो सुटा असतो, त्यात पाणी साचते आणि तिथेच जिरते. चाकाने पडतो तो सलग चर, आणि उतारावरचा सलग चर म्हणजे पाण्याला दिलेली वाट. पुढच्या पावसात माती त्याच्यातून वाहते, पुढच्या वर्षी वाट ओघळ होते. मैदानात धरशाला जे गाड्यांनी केले, ते डोंगरवाटेला मोटारसायकली करू शकतात, आणि गाडी जितकी जड, ताकद जितकी जास्त, तितका तो चर लवकर पडतो. बंजाऱ्यांच्या बैलांनी वाट राखली याचे कारण ते हलक्या पावलाचे होते एवढेच नाही. वाट ओली असताना ते तिच्यावर नव्हते. सुकी वाट टायरलाही सहन होते. म्हणून पूर्ण बंदीपेक्षा ऋतूचा जुना नियमच मला अधिक न्याय्य वाटतो. जिथे कायद्याने बंदी आहे तिथे अर्थातच वाद नाही. रायपूरपासून जवळ असलेले सुमारे दोनशे पंचेचाळीस चौरस किलोमीटरचे बारनवापारा अभयारण्य १९७६ पासून संरक्षित आहे; तिथे किंवा उदंती-सीतानदीच्या व्याघ्र प्रकल्पात स्वतःच्या गाडीने हवे तसे घुसणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा भंग आहे, आणि साहस हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

राहिला शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप. बंजारा पोटासाठी चालत होता, रुग्णवाहिकेची मोटारसायकल जीव वाचवायला जाते. रविवारी मौजेसाठी चढणी चढणाऱ्याला या रांगेत बसवायचे कशाला? याचे उत्तर गेडीने आधीच दिले आहे. गेडी हा खेळ आहे, पण त्या खेळातून पोरांना चिखलात तोल धरायला शिकवले गेले, आणि सणाने त्या शिकण्याला प्रतिष्ठा दिली. दसऱ्याचे सीमोल्लंघनही आज खेळच आहे, तरी त्यात ऋतूचे शहाणपण टिकून आहे. मौज ही वारशाची शत्रू नसते. नियम विसरलेली मौज असते. ज्याला चढावरच्या चिखलात गाडी सांभाळता येते, ज्याला कन्हार आणि भाटा यांतला फरक हँडलमधून कळतो, त्याचे कसब खरे आहे आणि त्याचा उपयोग एखाद्या दिवशी कोणाला तरी दवाखान्यात पोचवायला होऊ शकतो. पण त्या कसबाची कसोटी गाडीच्या आकारावर लागत नाही. ती वाटेवर मागे काय उरले यावर लागते. ज्या गावाची ती पायवाट आहे, तिथल्या बाईला दुसऱ्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन त्याच उतारावरून खाली यायचे असते, हे स्वाराने लक्षात ठेवले पाहिजे.

या विवेचनातून मी एकच निष्कर्ष काढतो. रायपूरभोवतीच्या डोंगरवाटांवर मोटारसायकलला जागा आहे, आणि ती जागा इतिहासाने दिलेली आहे. मोठ्या मोटारसायकललाही ती मिळू शकते, पण कोरड्या दिवसांत आणि कमी ओझ्याने. ओल्या उतारावर मात्र हलकी गाडीच हवी, आणि तीही गावाला विचारून. म्हणून या वाटांवर जाणाऱ्या प्रत्येक मराठी आणि छत्तीसगढी स्वाराला एक विनंती आहे. हिवाळ्यात उपसागराकडून अवकाळी पाऊस येऊन गेला की लगेच निघू नका. गावातल्या माणसाला आधी विचारा की वाट भाट्यावरून जाते की कन्हारातून. कन्हारातून जात असेल तर चार दिवस ऊन पडू द्या, आणि मगच गाडी काढा.